रुमाल, शिलोत्री आणि वाचणारे यंत्र

पेणहून महामार्गाने नागोठण्याकडे निघाले म्हणजे वडखळ मागे पडताच डोलवी लागते. आज हे नाव उच्चारले की ऐकणाऱ्यास पोलादाचा कारखाना आठवतो. १९९० नंतरच्या दशकात तो येथे उभा राहिला आणि २०१० मध्ये त्याचे स्वामित्व बदलले. परंतु धरमतरच्या खाडीकाठची आणि अंबा नदीच्या मुखाकडची ही सारी पट्टी त्यापूर्वी कित्येक पिढ्या ओळखली जात होती ती खारपट्टी म्हणून. भरतीचे पाणी मातीच्या बांधाने अडवावे, उघाडीतून आतील पाणी ओहोटीस सोडून द्यावे, पावसाने जमिनीतील मीठ धुऊन निघेपर्यंत वाट पाहावी आणि मग भात घ्यावे, असा येथील शेतीचा क्रम. बांधाला खांड पडली की अनेक वर्षांची मेहनत एका उधाणात जाते. अशा भूमीत कागदाला फार मोल असते. कारण बांध कोणी राखावयाचा, त्याबद्दल कोणी कोणास काय द्यावयाचे आणि समुद्राकडून मिळविलेली जमीन मुळात कोणाची, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे जमिनीकडे पाहून मिळत नाहीत, ती कागदातच शोधावी लागतात.

जुने कागद यंत्राकडून वाचवून घेण्याचा, त्यांची सूची यंत्राकडून करविण्याचा व चालू दफ्तराची वर्गवारीही त्याच्याकडे सोपविण्याचा जो उद्योग अलीकडे सुरू झाला आहे, त्याचा विचार प्रस्तुत लेखात या एका पट्टीच्या कागदांच्या आधारे करावयाचा आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता हा शब्द सध्या इतक्या सैलपणे वापरला जातो की त्याने नेमके काय सुचवावयाचे हे प्रत्येक वेळी सांगावे लागते. येथे त्याचा अर्थ एवढाच : पुष्कळ उदाहरणे दाखविल्यानंतर न पाहिलेल्या कागदावरील मजकूर कोणता असावा याचे अनुमान करणारे संगणकयंत्र. यातील ‘असावा’ या शब्दाकडे वाचकांनी लक्ष द्यावे. पुढील सर्व विवेचन त्याच्याभोवती फिरणार आहे.

प्रथम हे कागद आहेत कोठे ते पाहू. पेण तालुक्यास पूर्वी साकशी तालुका म्हणत. १८१८ पर्यंत तो पेशव्यांच्या अंमलाखाली असल्यामुळे त्या काळचे हिशेब पुण्याच्या पेशवे दफ्तरात शोधावे लागतात. इंग्रजी अंमल बसल्यावर साकशी उत्तर कोकणात, म्हणजे ठाण्याकडे गेली. १८४० मध्ये आंग्र्यांचे कुलाबा संस्थान खालसा झाले. पुढे ते संस्थान, साकशी, राजपुरी व रायगड मिळून ठाण्याखालीच एक उपविभाग झाला. आणि १८६९ मध्ये कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा होऊन त्याचे दफ्तर अलिबागेस राहिले. १९८१ मध्ये जिल्ह्याचे नाव रायगड झाले. तेव्हा एकाच गावचा एकच बांध, पण त्याचे कागद पुणे, ठाणे, अलिबाग आणि मुंबईचे पुराभिलेखागार अशा चार ठिकाणी विभागलेले. ज्या किल्ल्याचे नाव जिल्ह्यास मिळाले, त्या किल्ल्यावरील राज्याचे दफ्तर १६८९ च्या पाडावात नष्ट झाले असे परंपरा सांगते. त्यामुळे या भागाच्या शिवकालीन महसुली व्यवस्थेबद्दल आपण बरेचसे उत्तरकालीन कागदांवरून मागे जाऊन बोलतो हेही ध्यानात ठेवलेले बरे.

दफ्तर म्हणजे कागदांचा ढीग नव्हे. पेशवे दफ्तरातील कागद कापडी रुमालांत बांधलेले आहेत. रुमालांची संख्या चौतीस हजारांच्या घरात आणि कागदांची अदमासे चार कोटी सांगण्यात येते. कोणता कागद कोणत्या रुमालात, कोणत्या कागदाच्या पुढे किंवा मागे आहे, यावरून तो कोणत्या फडात लिहिला गेला व कशासाठी जपला गेला हे कळते. पुष्कळदा कागदाचा अर्थ त्याच्या मजकुरापेक्षा शेजाऱ्यावरून अधिक लागतो. युरोपात हे तत्त्व शास्त्र म्हणून मांडले गेले ते १८४१ च्या फ्रेंच परिपत्रकात, आणि त्याचा पूर्ण विस्तार मुलर, फाइत व फ्राउन या तिघा डच अभिलेखपालांच्या १८९८ च्या ग्रंथात झाला. ज्या कार्यालयाचे कागद त्या कार्यालयाच्या नावाने एकत्र ठेवावे आणि त्यांचा मूळ क्रम मोडू नये, हे त्याचे सार. योगायोग असा की त्याच १८९८ साली इतिहासाचार्य राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. तिकडे कागद जागचा हलवू नये असे शास्त्र ठरत होते, तर इकडे वाड्यावाड्यांतून, माळ्यामाळ्यांवरून कागद वाळवीच्या तोंडातून काढून छापणे हीच निकड होती. दोघांचेही बरोबर होते. मात्र आपल्याकडे छापील निवडीची सवय इतकी रुळली की मूळ क्रमाचा प्रश्न मागे पडला. गणेश चिमणाजी वाडांनी रोजनिशींतून केलेली निवड घ्या, किंवा गो. स. सरदेसायांनी १९३० नंतरच्या चारपाच वर्षांत काढलेले पेशवे दफ्तराचे पंचेचाळीस भाग घ्या. त्यांच्यावाचून आपले पाऊल पुढे पडले नसते. तथापि विषयवार निवडीत राजकारण वर येते आणि खारीचा बांध रुमालातच राहतो, हे मान्य केले पाहिजे.

पेशवे दफ्तराची आजची मांडणीही निष्पाप नाही. इनामांच्या चौकशीसाठी इंग्रज सरकारने १८५२ चा अकरावा अधिनियम केला आणि इनाम कमिशनच्या हातात हे दफ्तर एक शस्त्र म्हणून आले. इनामदाराने सनद दाखवावी, कमिशनने रुमाल सोडून ताळा पाहावा, ताळा न जुळल्यास जमीन सरकारजमा व्हावी. ज्याच्या नावाची नोंद कारकुनास सापडली नाही त्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे वतन धोक्यात आले. दफ्तर वाचणाऱ्याच्या हाती अन्न देण्याची आणि काढून घेण्याची शक्ती असते, हे महाराष्ट्राने तेव्हा प्रथम एवढ्या मोठ्या प्रमाणावर अनुभवले. वाचणारा मनुष्य असो की यंत्र, ही शक्ती बदलत नाही.

आता मोडीकडे वळू. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास मोडी म्हणजे वळणदार अक्षरांची गंमत नसून एक काटकसरीची लेखनव्यवस्था आहे. तीत ह्रस्वदीर्घाचा भेद पाळीत नाहीत. दिन आणि दीन, सुत आणि सूत एकच. अनुस्वार बहुधा गळतो. आधी कागदभर शिरोरेघा ओढून मग अक्षरे लिहीत जावयाची असल्याने शब्द कोठे तुटतो ते दिसत नाही. संक्षेप तर पावलोपावली : प॥ म्हणजे परगणे, छ॥ म्हणजे चंद्र, अर्थात मुसलमानी महिन्याची तारीख, पा॥ हा पाटील असाही वाचता येतो आणि पाठविले असाही. तत्कालीन वाचकाची अडचण होत नसे, कारण तोच व्यवहार तो रोज करीत होता. लेखकाने जे गाळले ते वाचकाच्या मनात होते. आपल्या मनात ते नाही. आणि यंत्राच्या मनात, तसा शब्दप्रयोग करावयाचा तर, भलतेच आहे.

ते कसे, हे थोडक्यात सांगतो. यंत्रास ओळीचे छायाचित्र व त्या ओळीचे तज्ज्ञाने केलेले वाचन अशा जोड्या दाखवितात. त्यातून ते दोन गोष्टी शिकते. एक, अमुक आकार म्हणजे अमुक अक्षर. दुसरी, अमुक अक्षरामागून बहुधा अमुक अक्षर येते. पहिले डोळ्याचे ज्ञान, दुसरे कानाचे. शाई पुसट झाली, कागद कसरीने खाल्ला की डोळा थकतो आणि कान पुढे सरसावतो. मनुष्याचेही असेच होते. पण अनुभवी मोडीवाचक तेथे थांबतो, टिंबे देतो, समासात प्रश्नचिन्ह करतो. यंत्र सहसा थांबत नाही. ते संभाव्य शब्द घालून ओळ पुरी करते, आणि ती ओळ शुद्ध, सफाईदार, खरी वाटेल अशी असते. अडखळणाऱ्या वाचनाने वाचक सावध होतो, सफाईदार वाचनाने गाफील.

मोडीसाठी असे प्रयत्न सुरू झाले आहेत ही आनंदाची गोष्ट आहे. २०१४ मध्ये मोडी युनिकोडमध्ये आली आणि तिची अक्षरे संगणकावर स्वतंत्रपणे लिहिण्याची सोय झाली. १८१० साली विल्यम केरीचा मराठी कोश मोडी खिळ्यांत छापला गेला होता. त्यानंतर दोनशे वर्षांनी तिला यंत्रयुगात पुन्हा प्रवेश मिळाला असे म्हणावयास हरकत नाही. रुरकीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२५ मध्ये मोडीचे देवनागरीत लिप्यंतर करणारी एक योजना प्रसिद्ध केली. तिच्यामागे शिवकालीन, पेशवेकालीन व आंग्लकालीन अशा २,०४३ प्रतिमांचा त्यांच्या लिप्यंतरासह संच आहे. काम मोलाचे आहे आणि इतरांस त्यावर उभारणी करता येईल असे आहे. पण प्रमाण पाहा. चार कोटी कागदांशी या संख्येची तुलना केली तर वीस हजारांत एक असे पडते. त्यात कोकणच्या खारीचे कागद किती असतील?

येथे एक साधा अनुभव सांगतो. पेण तालुक्यातील एका कुटुंबाकडील आंग्लकालीन मोडी कागदाचे छायाचित्र मी गतवर्षी वर्गात, सर्वांस सहज उपलब्ध असलेल्या एका यंत्रास वाचावयास दिले. ओळीत ‘शिलोत्री मण’ असे होते. यंत्राने ‘शेतकरी’ असे वाचले आणि पुढील शब्द त्या वाचनाशी जुळवून घेतला. विद्यार्थी हसले, पण मला वाटते की त्या चुकीत हसण्यापेक्षा शिकण्यासारखे अधिक होते.

शिलोत्री ही कुलाबा जिल्ह्याच्या खारपट्टीतील विशिष्ट धारापद्धती. ज्याने किंवा ज्याच्या पूर्वजाने बांध घालून खाजणाची जमीन केली तो शिलोत्रीदार. समुद्राकडील बांध, ज्यास बाहेरकाठा म्हणतात, तो राखण्याची जबाबदारी त्याची. आणि त्याबद्दल कुळाने सरकारधाऱ्याखेरीज बिघ्यामागे ठरीव भात त्यास द्यावयाचे, तो शिलोत्री मण. १८८३ च्या कुलाबा गॅझेटिअरात या पद्धतीची माहिती आहे. मूळ कल्पनेत हक्क आणि कर्तव्य एकत्र बांधलेले होते. बांध राखणे सुटले आणि मण तेवढा राहिला की तोच हक्क जुलूम होतो. याच जिल्ह्यात अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ पासून नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी सहा वर्षे जमिनी न कसण्याचा जो संप केला, तो खोतीविरुद्धचा असला तरी त्याच्यामागील वेदना याच जातीची होती. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये खार जमिनींसंबंधी कायदा होऊन बांधांची व्यवस्था सार्वजनिक मंडळाकडे जाऊ लागली, आणि कुलाबा जिल्ह्यातील शिलोत्री हक्क १९५५ च्या स्वतंत्र अधिनियमाने रद्द झाले.

हे सारे त्या एका शब्दात आहे. ‘शिलोत्री मण’ म्हणजे कुळाने दुसऱ्यास द्यावयाचे भात. ‘शेतकरी’ वाचले की ते कसणाऱ्याचेच भात होते. देणे घेणे होते, आणि बांधाची जबाबदारी तर ओळीतून नाहीशीच होते. शिवाय ‘शेतकरी’ हा शब्द आजच्या वृत्तपत्रात ठायीठायी असला तरी जुन्या महसुली कागदात त्या जागी कूळ, रयत, कुणबी हेच शब्द प्रायः येतात. यंत्राने आजचा मराठी कान त्या कागदास लावला. ही चूक आकार न ओळखल्याची नव्हती. अपरिचित शब्दाच्या जागी परिचित शब्द बसविण्याची होती. लोकव्युत्पत्तीत समाज हेच करतो, हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको.

यंत्राच्या वाचनाची परीक्षा शंभर अक्षरांत किती चुकली यावरून करण्याची रीत आहे. समजा शंभरांत पाच चुकली. सहाशे अक्षरांच्या कागदात तीस चुका झाल्या, म्हणजे काम बरे झाले असे कोणीही म्हणेल. पण त्या तीस कोठे पडतात? मायन्यात, ठराविक समाप्तीत पडत नाहीत. कारण ती वाक्ये यंत्राने शेकडो वेळा पाहिलेली असतात. त्या पडतात गावांच्या नावांत, माणसांच्या नावांत, मापांत, सालांत, म्हणजे ज्यांचा अंदाज बांधता येत नाही त्या जागी. आणि जमिनीच्या कागदात दुसरे महत्त्वाचे असते तरी काय? डोलवी हे नाव डोलवीच आहे की दुसरे काही, हे मराठी भाषेच्या कितीही ज्ञानाने ठरत नाही.

सालाचे एक उदाहरण देतो. मराठी कागदांत शुहूर सन अरबी संख्यानामांनी लिहिण्याची चाल होती. ‘अर्बा सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६४, इसवी १७६३-६४. ‘अर्बा सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७४, इसवी १७७३-७४. पुसट कागदात सितैन आणि सबैन यांतील भेद एखाद्या फाट्यापुरता उरतो. वाचनात तेवढा फाटा चुकला की थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीतील राक्षसभुवनच्या सालचा कागद नारायणरावांच्या खुनाच्या सालात जाऊन पडतो. अशा वेळी जाणता संशोधक काय करतो? तो रुमालातील पुढचा व मागचा कागद पाहतो. यंत्रास मात्र आपण एकेक सुटी प्रतिमा देतो. ज्या शेजाऱ्याने शंका फिटली असती तो शेजारी आपणच काढून घेतलेला असतो. क्रम राखण्याचे जे तत्त्व १८९८ मध्ये माणसांसाठी सांगितले गेले, त्याची गरज यंत्रास माणसाहून अधिक आहे, असे माझे मत याच उदाहरणावरून बनले.

हा केवळ अभ्यासिकेतला वाद नाही. मराठवाड्यातील मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरअखेर शासनाने जाहीर केले की सुमारे १ कोटी ७३ लाख नोंदी तपासण्यात आल्या आणि त्यांत ११,५३० कुणबी नोंदी मिळाल्या. त्यांत मोडी व उर्दू कागदही होते. मोडी वाचणाऱ्यांस एकाएकी जिल्ह्याजिल्ह्यांतून मागणी आली. त्या प्रश्नाच्या राजकीय बाजूंत शिरण्याचे येथे कारण नाही. अभिलेखशास्त्राचा प्रश्न मात्र उघड आहे. दीड हजार नोंदींत एक या प्रमाणात जे सापडावयाचे, ते यंत्राकडून शोधवावे असे कोणासही वाटेल. पण यंत्राने नसलेली नोंद दाखविली तर ती मनुष्य तपासून खोडू शकतो. असलेली नोंद दाखविलीच नाही तर तो कागद कोणी उघडणारच नाही. या दोन चुका गणितात सारख्या असल्या तरी ज्याच्या घरातील मुलाचा दाखला अडला आहे त्यास त्या सारख्या नाहीत. त्यातून ‘कुणबी’ शोधणाऱ्यास ‘कुळंबी’ हे जुने रूप ठाऊक नसेल तर कागद डोळ्यांपुढे असूनही निसटेल. असले रूपभेद पुरविण्याचे काम संगणकशास्त्रज्ञाचे नव्हे, आपले आहे. आणि त्या बाबतीत मराठीचे विभाग आजवर स्वस्थ बसले आहेत असे मला खेदाने म्हणावे लागते.

परदेशात हे कसे चालले आहे याचे एकच उदाहरण पुरे, कारण त्याचा संबंध आपल्या किनाऱ्याशीही आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीचे कागद हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि त्यांतील सुमारे पन्नास लाख पृष्ठे यंत्राने वाचून अभ्यासकांस खुली करण्याचे काम तेथील संशोधकांनी अलीकडे हाती घेतले. सतराव्या शतकात वेंगुर्ल्यास या कंपनीची वखार होती. तेव्हा कोकणच्या इतिहासाचा हाही एक रुमालच म्हणावयाचा. त्यातील मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट वाचनाचा वेग ही नव्हे. यंत्राचे वाचन तेथे मूळ पानाच्या प्रतिमेशी आणि सूचीतील बांधणीच्या क्रमांकाशी जोडलेले असते. कागद हरवून मजकूर तेवढा हिंडत राहिला असे होत नाही. ज्या देशात ते १८९८ चे पुस्तक झाले तेथे हे साहजिकच आहे.

आपल्याकडे जुन्या जमीन अभिलेखांच्या प्रतिमा करून त्या संगणकावर ठेवण्याचे काम बरेच पुढे गेले आहे. सातबाराचे उतारे घरबसल्या मिळू लागले, जुने फेरफार दिसू लागले. ही सोय लहान नव्हे. ज्याने तलाठ्याच्या दारी खेटे घातले आहेत त्यास तिची किंमत विचारावी. चालू दफ्तराच्या बाबतीतही शासकीय कार्यालयांत सहा गठ्ठा पद्धती आहे. अ, ब, क, ड अशी वर्गवारी आहे, ज्यात अ वर्ग कायमचा आणि ड वर्ग वर्षभराने नष्ट करावयाचा. आणि त्यामागे २००५ चा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम आहे. ही वर्गवारी यंत्राने सुचवावी यास माझा विरोध नाही. कंटाळलेला कारकून ज्या बेफिकिरीने गठ्ठे बांधतो ती आपण सर्वांनी पाहिली आहे. पण सुचविणे वेगळे आणि ड वर्गाचा शिक्का मारून जाळणे वेगळे. शिलोत्री मणाच्या पावत्या १९५५ नंतर कोणत्याही नियमाने ड वर्गातच गेल्या असत्या; आणि बाहेरकाठा पूर्वी कोण राखीत होते हा प्रश्न खाडीकाठच्या गावांत उधाणाच्या दिवसांत अजूनही निघतो.

आमच्या वर्गात सध्या आम्ही एक साधी शिस्त लावून घेतली आहे. प्रत्येक कागदास चार गोष्टी जोडावयाच्या : तो कोणत्या रुमालातला आणि कितवा, त्याची प्रतिमा, यंत्राचे वाचन जसेच्या तसे, आणि माणसाचे वाचन, वाचणाऱ्याच्या नावासह. यंत्राचे वाचन सुधारून त्यावरच लिहावयाचे नाही. दोन्ही शेजारी ठेवावयाची. याने काम मंदावते खरे, परंतु यंत्र कोठे चुकते ते दिसते. मनुष्य कोठे चुकतो तेही दिसते, हे काही विद्यार्थ्यांस फारसे रुचलेले नाही. ‘शिलोत्री मणा’च्या त्या कागदावर यंत्राचे ‘शेतकरी’ अद्याप तसेच आहे, त्याच्याशेजारी एका विद्यार्थिनीचे वाचन आहे आणि खाली तिनेच केलेली टीप आहे की कागदातील खारीचे नाव लागत नाही, १८६९ पूर्वीचा असल्यास ठाण्याचे दफ्तर पाहावे.